मण्यांतून घडणारे जीव

चांगले लघुपट शोधताना यूट्यूबच्या शिफारशींवर विसंबून राहू नये, हे एका लेखात वाचलेले मत मला मनापासून पटले. त्यासाठी नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडा या कॅनडाच्या सरकारी चित्रपटसंस्थेचे संकेतस्थळ आवर्जून धुंडाळावे, कारण तेथे या संस्थेचे कित्येक जुने अ‍ॅनिमेशनपट विनामूल्य पाहता येतात. मूळचे गुजरातचे अ‍ॅनिमेशनकार ईशू पटेल यांचा १९७७ सालचा ‘बीड गेम’ तर चुकवूच नये. त्यात हजारो रंगीत मणी हातांनी पुन्हापुन्हा मांडून, प्रत्येक मांडणीचे चित्रण करून, एकमेकांना गिळत नवनवे रूप घेणारे जीव त्यांनी साकारले आहेत. याच संस्थेतील अ‍ॅनिमेशनकार नॉर्मन मॅकलॅरेन यांच्या १९५२ सालच्या ‘नेबर्स’मध्ये हेच तंत्र जिवंत नटांवर वापरले आहे. तो पाहताना आवाज मात्र बंद ठेवू नये, कारण त्यातील ध्वनी वाद्यांतून नव्हे, तर फिल्मच्या ध्वनिपट्टीवरच कृत्रिमरीत्या निर्माण केलेले आहेत.