हेडलाइटचा फॉल्ट न सापडू देण्याची खात्रीची पद्धत

गाडीचा एक हेडलाइट बंद पडला की पहिलं पथ्य म्हणजे घाई करायची नाही. दुसरा अजून चालू आहे ना? मग झालं तर. समोरून येणाऱ्याला तुमची गाडी मोटारसायकल वाटेल आणि तो तेवढीच जागा सोडेल, पण तो त्याचा प्रश्न. दोन्ही बल्ब एकाच दिवशी बसवलेले असतील, तर दुसराही फार दिवस दम धरत नाही. तो गेला की खरी मजा येते. दोन्ही दिवे बंद म्हणजे बिघाड दोघांच्या सामाईक भागात, म्हणजे रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), हाताचा स्विच किंवा मेन फीडमध्ये (बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य वायरमध्ये) असणार, असं शास्त्र सांगतं. तुम्ही स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच उघडून बसा. पहिला बल्ब आधीच गेला होता, ही आठवण मनाच्या तळाशी ढकलून द्या.

बल्बला मात्र हात घाला, आणि तोही काचेला धरून. हॅलोजनची काच प्रचंड तापते. बोटांचं तेल लागलेली जागा आणखी तापते आणि नवा बल्ब लवकर जातो, म्हणजे पुन्हा निदानाची संधी मिळते. डावीकडचा बल्ब उजवीकडे लावून बघण्याचा मोह कटाक्षाने टाळा. बिघाड बल्बबरोबर सरकला तर दोष बल्बचा आणि जागेवरच राहिला तर वायरिंगचा, हे त्यातून फुकटात कळतं. इतक्या स्वस्तात कळलेल्या गोष्टीला मान नसतो.

आता फ्यूज. एच-४ म्हणजे एकाच काचेत दोन फिलामेंट (तापून उजळणाऱ्या तारा) असलेला हॅलोजन बल्ब. त्याचा डिपर (जवळचा झोत) ५५ वॅटचा, अप्पर (लांबचा झोत) ६० वॅटचा. १२ व्होल्टवर एक दिवा जेमतेम ५ अँपिअर ओढतो. म्हणून तिथे बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. तो उडाला तर ३०चा टाका. फ्यूज दिव्याला नव्हे तर वायरला वाचवण्यासाठी असतो, असं काही कटकटे लोक सांगतात. सांगू देत. ३०चा टाकल्यावर वायरच फ्यूजचं काम करते, आणि शॉर्ट नेमका कुठे आहे ते धूर दाखवतो. फ्यूज तपासायचाच असेल तर उजेडात धरून एक डोळा मिटून बघा. त्याच्या डोक्यावर धातूचे दोन ठिपके मीटर टेकवण्यासाठी उघडे ठेवलेले असतात. ते शोभेचे समजा.

रिलेचा निकाल कानाने लावायचा. ‘टिक’ वाजलं की रिले उत्तम. त्या आवाजाने फक्त ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांमधली कॉइल जिवंत असल्याचं कळतं, ३० आणि ८७ नंबरच्या पिनांमधले, दिव्याचा करंट नेणारे कॉन्टॅक्ट जळून काळे झालेत का हे कळत नाही. तशाच पिनांचा हॉर्नचा रिले घटकाभर तिथे लावून बघता येतो, पण तो विचार मनात आणू नका.

आता मल्टिमीटरकडे वळू. चुकीचं निदान तेही आकड्यांसकट करून देणारं दुसरं साधन माझ्या पाहण्यात नाही. बल्बचा सॉकेट काढा, मोकळ्या पिनांवर मीटर धरा. १२.६ व्होल्ट! सप्लाय ठणठणीत आहे असं जाहीर करा आणि आणखी एक बल्ब विकत आणा. मीटर स्वतः जवळपास करंट घेतच नाही; त्यामुळे वायरची एक तार सोडून बाकी सगळ्या तुटल्या असल्या तरी ते पूर्ण व्होल्टेज दाखवतं. खरी परीक्षा ५ अँपिअर वाहायला लागल्यावर होते. म्हणून बल्ब लावून, दिवा चालू ठेवून, सॉकेटच्या मागून प्रोब घालायचा, मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं बल्बच्या प्लसवर ठेवायचं आणि वाटेत किती व्होल्ट गळतात ते बघायचं, असले उद्योग करू नका. अर्धा व्होल्ट गळाला तरी कुठला तरी जोड कुरकुरतोय हे समजेल. व्होल्टेज १० टक्के घटलं की हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो, हेही मग पटायला लागेल आणि मंद दिव्याचं खापर काचेवर फोडता येणार नाही.

अर्थिंगकडे, म्हणजे बल्बमधून गाडीच्या बॉडीमार्गे बॅटरीच्या मायनसला परत जाणाऱ्या वाटेकडे, तर ढुंकूनही पाहू नका. डिपर लावला की एका बाजूचा दिवा पिवळट मिणमिणतो, त्याच्या दोन्ही फिलामेंट अर्धवट लाल होतात, डॅशबोर्डवर अप्परचा निळा दिवा फिकट उजळतो, असं भुताटकीचं दृश्य दिसलं तर ‘कंप्युटर गेला’ म्हणा. बॉडीवरच्या बोल्टखाली गंज चढलाय, परतीची वाट बंद झाल्यामुळे करंट दुसऱ्या फिलामेंटमधून आणि पलीकडच्या दिव्यातून वळसा घालून घरी जातोय, ही शंका येणं म्हणजे केलेल्या सगळ्या खर्चाचा अपमान. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही शिस्त मोडू नये.

एवढं करूनही उजेड पडेना, तर एलइडी बसवा. तो करंट कमी ओढतो, म्हणून कुजलेल्या वायरिंगवरही झकास लागतो आणि दुखणं झाकलं जातं. काही गाड्यांना एवढ्या कमी करंटमुळे बल्ब उडाल्यासारखा वाटतो आणि वॉर्निंग येते. मग तापणारा एक रेझिस्टर जोडून वाचवलेली वीज जाळून टाका. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बसवल्यामुळे प्रकाश रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त पडतो, म्हणजे निदान त्याला तरी दिसलं की तुम्ही खर्च केलाय.

शेवटी नाइलाजाने इलेक्ट्रिशियनकडे जावंच लागलं तर ‘अचानक बंद पडला, आम्ही हातसुद्धा लावला नाही’ एवढंच सांगा. तो बॅटरीच्या मायनसपासून एक साधी वायर बल्बच्या अर्थला लावेल, दिवा लख्ख पेटेल, मग एक बोल्ट सोडवून, पॉलिशपेपरने घासून पुन्हा आवळेल. काम लगेच उरकलं म्हणजे त्यात काहीच नव्हतं, असं त्याला तिथल्या तिथे ऐकवा आणि मजुरीवरून घासाघीस सुरू करा. तेवढ्यात तो फ्यूजबॉक्सचं झाकण उघडून ३०चा फ्यूज बाहेर काढेल आणि ‘हा कोणी टाकला?’ असं विचारेल. मागच्या मेकॅनिकचं नाव सांगा.