जॅक्सनची सही की चिटणिसाची?

नवख्या संग्राहकांनी अमेरिकी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या सहीचा १८३५चा जमीनपट्टा (सरकारनं जमीन दिल्याचा दस्त) घ्यावा, असं जुन्या सह्या-पत्रांच्या संग्रहावरच्या तुमच्या लेखात सुचवलंय. कृपया ते दुरुस्त करा. २ मार्च १८३३च्या कायद्यानं अशा पट्ट्यांवर अध्यक्षांच्या नावानं सही करायला चिटणीस नेमण्याची मुभा मिळाली. नंतरच्या पट्ट्यांवर जॅक्सनच्या नावाखाली चिटणिसाचं नाव दिसतं. तो कागद खरा, सही मात्र जॅक्सनची नाही.

जुनं पत्र विकत घेताना भिंगातून घडीची रेघ पाहा. अस्सल पत्रात आधी लेखन, मग घडी. घडीवर कागदाचे तंतू तुटलेले असतात. शाई तिथे फुटून पसरली असेल तर मजकूर जुन्या कागदावर मागाहून लिहिलाय. लिंकनच्या पत्रांत हे हमखास तपासा, जोसेफ कोझी या बनावटकारानं त्यांच्या बऱ्याच नकला केल्या. लिंकन पत्राखाली ‘ए. लिंकन’ लिहीत, पूर्ण नाव बहुधा सरकारी दस्तांवर.

१८४५पूर्वी अमेरिकेत टपाल हशील कागदांच्या संख्येवर होतं, पाकीटही वेगळा कागद धरत. म्हणून पत्ता पत्राच्याच पाठीवर असतो आणि लाखेचा शिक्का फोडताना पडलेलं भोकही. ते भोक बुजवू नका, तो पुरावाच आहे. आणि लॅमिनेशन, सेलोटेप अजिबात नको. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, उन्हापासून दूर ठेवा.