मालिशच्या जाहिरातींविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

इंदूरच्या रामबाग, नारायणबाग परिसरातील मराठी गटांमध्ये सध्या एक संदेश फिरतो आहे: अमेरिकेने २०१८ साली कायदा करून ‘बॅकपेज’ हे छोट्या जाहिरातींचे संकेतस्थळ (त्यावर देहविक्रयाच्याही जाहिराती येत) बंद केले, तोच नियम आता भारतात लागू झाल्याने मालिशची प्रत्येक जाहिरात गुन्हा ठरते, आणि असे पान नुसते उघडणाऱ्यालाही पोलिसांकडे दंड भरावा लागतो. हे चुकीचे आहे.

‘बॅकपेज’वर अमेरिकी तपास यंत्रणांनी ६ एप्रिल २०१८ रोजी टाच आणली ती वेश्याव्यवसायाला साहाय्य आणि काळा पैसा पांढरा करणे (मनी लाँडरिंग) या आरोपांवरून, आधीपासून असलेल्या कायद्यांच्या आधारे; देहविक्रयाला साहाय्य करणाऱ्या संकेतस्थळांना जबाबदार धरणाऱ्या ‘फोस्टा’ या नव्या अमेरिकी कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही त्यानंतर, ११ एप्रिलला झाली, आणि तो भारताला लागू नाही. आपल्याकडे १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा आहे. कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या देहविक्रयावर जगणे, त्यासाठी माणसे आणणे हे त्यातील गुन्हे आहेत. मालिश हा व्यवसाय त्यात गुन्हा नाही. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायला घरोघरी जाणाऱ्या मावशींनी या संदेशाच्या धाकाने आपला फोन नंबर असलेली पाटी उतरवावी, हे मला फार अन्यायाचे वाटते.

दंडाची गोष्ट तर सरळ फसवणुकीची आहे. पोलीस फोनवरून यूपीआयने दंड घेत नाहीत. असा फोन आल्यास पैसे न देता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.