पडक्या घरांचे वारस

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आतेभावाने एक व्हिडिओ टाकला. चालत्या गाडीतून काढलेला. डोंगरांच्या बेचक्यातला अरुंद रस्ता, फुटक्या खिडक्या, अंगणात गंजत पडलेल्या गाड्या, एका घराच्या छपरावर निळी ताडपत्री. मथळा होता, अमेरिकेतला सगळ्यात गरीब भाग. खाली भावाने लिहिलं होतं, "ताई, हे तुझ्याच भागातलं ना? आपल्या गावापेक्षा बेक्कार आहे की!"

माझ्याच भागातलं होतं. वेस्ट व्हर्जिनिया राज्यातली मॅकडॉवेल काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी, आणि तिच्यातलं वेल्च गाव. मी फिजिओथेरपिस्ट आहे, रुग्णांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते, त्यामुळे हे रस्ते माझ्या रोजच्या पायाखालचे. निळ्या ताडपत्रीच्या त्या घरात तर मी एक अख्खा हिवाळा आठवड्यातून दोनदा जात होते.

रस्त्यावरून ताडपत्री दिसते. मागच्या बाजूला अर्ध्या छपरावर नवीन पत्रे बसलेत, ते दिसत नाहीत. पैसे निम्म्याच कामापुरते जमले होते, म्हणून उरलेल्या निम्म्यावर ताडपत्री. दारातला लाकडी उतार चर्चच्या पोरांनी दोन शनिवारांत ठोकून दिलेला. आत आजोबा, तीस वर्षं खाणीत काढलेले, फुप्फुसात कोळशाची धूळ. ऑक्सिजनच्या मशीनची नळी बरोबर स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत पुरते, त्याच्या पुढे नाही. भिंतीच्या फळीवर आजींनी उकडून भरलेल्या शेंगांच्या आणि टोमॅटोच्या बरण्या, प्रत्येक झाकणावर पेनाने साल लिहिलेलं. फरशी इतकी स्वच्छ, की आजी नको म्हणत असतानाही मी बूट दाराशी काढायचे. आणि अंगणातल्या त्या गंजलेल्या दोन गाड्या? तिसरी जी चालते, ती त्या दोघींच्या सुट्या भागांवर चालते. बस नाही, दवाखाना डोंगरापलीकडे. गाडी बंद पडली तर माणूस घरात अडकलं.

व्यायाम करता करता आजोबांनी एकदा विचारलं, "तुझ्या देशात फार गरिबी आहे म्हणतात, खरं का गं?" मी म्हटलं, आहे, माझ्या जिल्ह्यात तर आहेच. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडून बाहेर काय जायचं? आमच्याकडून कोळसा गेला." मी म्हटलं, माणसं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "शेवटी इथूनही तेच गेलं."

माझं गाव बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात. भावाच्या व्हिडिओनंतर चारच दिवसांनी त्याच ग्रुपवर दुसरा आला, मराठवाड्यातल्या एका गावाचा. ओळीने कुलपं लागलेली घरं, पडक्या भिंती, रिकामा पार, मागे उदास संगीत. "भकास मराठवाडा." या वेळी सगळे भडकले. आमची बदनामी चालवलीय म्हणाले. भडकले ते योग्यच. ज्याने कोणी तो व्हिडिओ काढला, तो ऊसतोडीच्या हंगामात गावात गेला होता. दिवाळी झाली की आमच्याकडे गाड्या भरून टोळ्या निघतात, कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकापर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत फडातच संसार. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली थोडी पोरं. त्या घरांना कुलूप आहे कारण घरातली माणसं कामाला गेलीत. आळसाने ओस पडलेलं गाव असं दिसत नाही. पण हीच समज आम्ही वेल्चच्या रस्त्याला दाखवली नाही. तिथे आम्हीच कॅमेऱ्याच्या बाजूने उभे राहिलो.

हे मला फार लागलं, म्हणून लिहिते आहे.

पडका भाग पाहिला की आपण आधी माणसांचा स्वभाव ठरवतो. इथल्या शहरांत या डोंगरी लोकांना आळशी, नशेबाज, अडाणी समजणारे खूप भेटतात. आपल्याकडे गेल्या वर्षा-दोन वर्षांत बीडचं नाव गुन्ह्यांच्या बातम्यांत इतकं आलं, की पुण्यात खोली शोधणाऱ्या माझ्या भाचीला जिल्हा ऐकूनच दोन ठिकाणी नकार मिळाला. आणि जिथे माणसं हलवता येत नाहीत तिथे पडदे लावले जातात. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० च्या पाहुण्यांसाठी मुंबईत झोपड्यांसमोर कापड ताणलं होतं. त्या कापडामागे राहणाऱ्याला त्या दिवशी काय कळलं असेल? आपण लपवण्याची गोष्ट आहोत, एवढंच.

या लाजेचं टोक कुठे जातं याची एक गोष्ट इथे अजून सांगतात. १९६७ मध्ये शेजारच्या केंटकी राज्यात एक कॅनडाचा चित्रपटकार भाड्याच्या घराच्या ओट्यावर बसलेल्या खाणकामगाराचं चित्रण करत होता. त्या माणसाची हरकत नव्हती. पण घरमालक बंदूक घेऊन आला आणि त्याने चित्रपटकाराला गोळी घालून मारलं. पहिल्या खटल्यात ज्युरींचं एकमत झालं नाही, इतकी गावाची सहानुभूती मारेकऱ्याकडे. खुनाला समर्थन नाहीच. मला वारंवार आठवतं ते वेगळंच. संताप झाला तो त्या घरांचं भाडं घेणाऱ्याचा.

कारण भकासपणाला मालक असतात. मॅकडॉवेलमध्ये १९५० साली जवळजवळ ९९ हजार माणसं होती, २०२० च्या जनगणनेत १९ हजार उरली. मधल्या काळात यंत्रं आली, खाणी बंद पडल्या. कोळसा न्यायला रेल्वे इथे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच आली. मालगाड्या अजून धडधडत जातात, प्रवासी त्यात बसू शकत नाही. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, एके काळी पगारही कंपनीच्याच नाण्यांत. २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं, की दक्षिणेकडच्या काही कोळसा काउंट्यांत निम्मी किंवा त्याहून जास्त खासगी जमीन अवघ्या दहा मालकांच्या नावावर आहे. कारखाना काढायचा तर सपाट जागा नाही, आणि जी आहे ती आपली नाही.

आमच्या बीडला उलट, रेल्वे येता येत नव्हती. नगर-बीड-परळी मार्ग नव्वदच्या दशकात मंजूर झाला आणि बीड शहरात गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. एका पिढीचं शिक्षण, लग्न, नोकरी त्या वाट पाहण्यात उरकली. एकीकडे रूळ होते, एकीकडे नव्हते, रिकामी दोन्ही गावं झाली.

आता फुकटाच्या वादाबद्दल. लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली तेव्हापासून आमच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी हे भांडण होतं. पंधराशे रुपयांनी बायका आळशी होतील, मजूर मिळत नाहीत, लोकांना फुकटाची सवय लागली. इथेही अगदी हेच ऐकते. अमेरिकेतले आजच्या पद्धतीचे पहिले फूड स्टॅम्प, म्हणजे गरिबांना धान्य-किराणा घेण्यासाठीची सरकारी कुपनं, २९ मे १९६१ ला याच मॅकडॉवेल काउंटीत वेल्च गावी दिले गेले. १५ माणसांच्या एका कुटुंबाने ९५ डॉलरचे स्टॅम्प घेतले, तेही त्या काळच्या नियमाप्रमाणे पैसे मोजून, आणि पहिली वस्तू विकत घेतली डुकराचं मांस घातलेल्या घेवड्याच्या दाण्यांचा डबा. टीका करणारे म्हणतात, साठ वर्षं दिलं, तरी काउंटी गरीबच. अहो, तो डबा पोट भरायला होता. गेलेली खाण परत आणण्याचं काम त्या डब्याला कोणी दिलं होतं?

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात रोहयोच्या कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर लाल मिलो मिळायचा, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. गुरांचं खाणं म्हणून लोक नाकं मुरडायचे आणि खायचे. त्या मिलोवर माझी आई वाढली. आजीला त्याने कामाचा कंटाळा आला असं म्हणायची कोणाची छाती झाली नसती. म्हणून पंधराशे रुपयांवर बोलायचं तर जरूर बोला. तिजोरीला झेपतात का, त्यापायी सिंचन आणि शाळा मागे पडतात का, हे विचारा, मीही विचारते. घेणारीच्या चारित्र्यावर मात्र बोलू नका.

इथलं सगळं गोड आहे असं मला सांगायचं नाही. शेजारच्या मिंगो काउंटीत कर्मिट नावाचं चारेकशे वस्तीचं गाव आहे. तिथल्या एका औषध दुकानात दोन वर्षांत सुमारे ९० लाख वेदनाशामक गोळ्या पोचल्या. पाठ मोडलेल्या खाणकामगारांना त्या दिल्या गेल्या आणि घरंच्या घरं व्यसनात गेली. माझ्या रुग्णांत नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या किती आहेत ते मोजायचं मी सोडून दिलंय. पण गोळ्या पाठवणारे या डोंगरात राहत नव्हते.

आणि एका बाबतीत हे राज्य आमच्या पुढे आहे, ते कबूल केलं पाहिजे. नोव्हेंबर १९६८ मध्ये फार्मिंग्टनच्या खाणीत ७८ जण गेले. पुढच्या वर्षी खाणकामगार संपावर गेले, राजधानीत मोर्चे काढले, आणि १९६९ मध्येच कोळशाच्या धुळीने फुप्फुसं गेलेल्यांना भरपाई देणारा देशाचा कायदा झाला. ताडपत्रीच्या घरातल्या त्या आजोबांना दरमहा येणारे पैसे त्यातले. पंचवीस हंगाम मोळ्या वाहून मणके गेलेल्या माझ्या काकूला असा कुठलाच कायदा ओळखत नाही. आमच्या ग्रुपवर वाद घालायचाच असेल तर यावर घालू या.

राहिली पडकी घरं. आजोबांच्या शेजारी तीन ओसाड घरं आहेत, एकाच्या ओट्यातून झाड उगवलंय. मी विचारलं, पाडत का नाहीत? पाडायलाही हजारो डॉलर लागतात आणि मालकच सापडत नाही, हे उत्तर. म्हातारा-म्हातारी वारली, मुलं ओहायोला, नॉर्थ कॅरोलिनाला गेली, कोणाच्याच नावावर घर झालं नाही. २०२१ मध्ये राज्याने अशा इमारती पाडण्यासाठी कायदा केला, तेव्हा कुठे थोडी हलू लागली. जे राहिलेत त्यांची घरं झाडलेली आहेत. एवढं गरीब राज्य, पण स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यांचं प्रमाण इथे देशात सर्वांत वरच्यांत. भकासपणा गेलेल्यांच्या घरांचा आहे, आणि नाव पडतं राहिलेल्यांवर.

हे कळलं तेव्हा मला आमचा वाडा आठवला. गावात शिरताना उजव्या हाताला, पांढऱ्या मातीच्या दोन माळवदांचा. मागच्या पावसाळ्यात त्याची देवळीकडची भिंत रस्त्यावर आली. त्या उदास संगीताच्या व्हिडिओत सहाव्या सेकंदाला जी ढासळलेली भिंत दिसते, ती आमची. शेजारच्या वहिनी रोज सकाळी स्वतःच्या अंगणात सडा घालतात आणि आमच्या ढिगाऱ्यातून निघणारे विंचू मारतात. त्यांच्या दारासमोरची अवकळा माझ्या नावावर आहे, माझ्या आणि आणखी दहा वारसांच्या.

ढिगारा उचलून जागा मोकळी करायला आणि ती अंगणवाडीला द्यायला अकरा सह्या लागतात. मी माझं मुखत्यारपत्र नोटरी करून दिवाळीनंतर धाकट्या काकांकडे पाठवलं. आठ जणांची कागदं आली आहेत. पुण्यातले दोघं चुलतभाऊ भाव वाढेल म्हणून थांबलेत, आणि तिसरा, ज्याने वेल्चचा व्हिडिओ टाकला होता त्याचाच थोरला भाऊ, अजून फोन उचलत नाही.