क्लच बदलला की फ्लायव्हीलही बदलायचंच?

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: 'जुन्या गाडीचा क्लच बदलताना फ्लायव्हील नवं घातलं नाही, तर नवा क्लच सहा महिन्यांत जातो.' हे सरसकट खरं नाही. फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याला (क्रँकला) जोडलेली जड चकती; क्लच प्लेट तिच्यावर दाबून बसते.

मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत फ्लायव्हील म्हणजे एकसंध बिडाची जाड चकती. क्लच प्लेट घासून, तिचं अस्तर धरणाऱ्या रिव्हेटपर्यंत गेली असेल तर फ्लायव्हीलवर चरे पडतात. क्लच सारखा घसरत असेल तर तापून निळे डाग दिसतात. चरे वरवरचे असतील तर मशीनवर घासून पृष्ठभाग सपाट करून घेता येतो, मात्र कंपनीने दिलेल्या किमान जाडीच्या खाली जाता कामा नये. खोल तडे असतील तर मात्र बदलाच, तिथे काटकसर नको. स्टार्टर फिरताना खरखर येते ती बहुधा रिंग गिअरच्या (फ्लायव्हीलच्या कडेवरच्या दातेरी रिंगच्या) झिजलेल्या दातांमुळे. बऱ्याच गाड्यांत ती रिंग वेगळी बदलता येते.

मेसेजात थोडं तथ्य आहे, पण ते दुसऱ्या प्रकाराबद्दल. बऱ्याच डिझेल गाड्यांत स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील असतं. त्यात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त खेळ (ढिलेपणा) आला की ते बदलावंच लागतं. घासून भागत नाही.

आणि गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर क्रँकचं मागचं ऑइल सील बघून घ्या. ते गळत असेल तर तेल नव्या प्लेटवर येतं, क्लच घसरतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या फ्लायव्हीलला!