‘वाचता येत नसेल तर…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

घरच्या डार्करूममध्ये (फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत) निगेटिव्हवरून रंगीत प्रिंट काढताना सेफलाइट, म्हणजे कागद खराब होऊ न देणारा मंद दिवा, कसा वापरावा, या माझ्या लेखावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. ती थोडक्यात अशी: ‘अहो साहेब, रंगीत कागदाच्या माहितीपत्रकात संपूर्ण अंधार असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते वाचता येत नसेल तर निदान दुसऱ्यांना शिकवू नका.’ त्याखाली, नवशिक्याने दिव्याच्या नादी लागू नये, सोलापूरच्या उन्हात केमिकलचं तापमान कसं सांभाळणार आणि लेख फार किचकट झालाय, असे आणखी तीन मुद्दे आहेत.

‘अहो साहेब’ म्हटलं की पुढचा अपमान सभ्य होतो असं काहींना वाटतं. मतभेद असावेत, पण ‘वाचता येत नसेल तर’ हा मतभेद नाही. सोलापुरात रंगीत प्रिंट फक्त लॅबच्या मशिनमधून निघायची त्या काळापासून मी ती हाताने काढतोय आणि कागदाबरोबर आलेली माहितीपत्रकं फाइल लावून ठेवलेली आहेत. तेव्हा वाचनाचंच बोलू.

कोडॅकच्या एंड्युरा या रंगीत फोटो-कागदाचं माहितीपत्रक घ्या. शक्य तिथे कागद संपूर्ण अंधारात हाताळा, सेफलाइटचा निकालावर परिणाम होतो, असं त्यात आहे. इथवर तुम्ही वाचलंत. त्याच्या पुढेच लिहिलंय की अगदीच गरज असेल तर १३ क्रमांकाचा अंबर (पिवळट-नारिंगी) फिल्टर लावा, मागे ७.५ वॉटचा बल्ब ठेवा, कागदापासून किमान ४ फूट अंतर राखा, दिवा कमीत कमी वेळ चालू ठेवा आणि आधी स्वतः चाचणी घ्या. दिवा मुळात चालतच नसता तर कंपनीने फिल्टरचा क्रमांक कशाला दिला असता?

याचं कारण कागदातच आहे. रंगीत कागदाला तीन थर असतात: एक निळ्या प्रकाशाला जागा, एक हिरव्या, एक लाल. हिरव्याची संवेदना उतरलेली आणि लालची अजून पुरती न चढलेली अशी एक खिंड ५९० नॅनोमीटरच्या आसपास असते. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा प्रकाश ५८९ च्या आसपास पडतो, म्हणून रंगीत कामासाठी सोडियमचे सेफलाइट निघाले. खिंडीत संवेदना कमी असते, शून्य नसते. मंद दिवा, लांब अंतर आणि थोडा वेळ या तिन्ही अटी त्यासाठीच. अंतर निम्मं केलं की उजेड साधारण चौपट होतो, म्हणून दिवा टेबलाजवळ नको. भिंतीकडे किंवा छताकडे तोंड करून लावा.

ब्लॅक अँड व्हाइटचा लाल दिवा मात्र अजिबात नको. लाल प्रकाशाने लाल थर उघडा पडतो आणि कागदावर सायन (निळसर-हिरवा) रंग चढतो. आपल्याकडचा रंगीत ‘झिरो’चा बल्बही नको. जुन्या तारेच्या झिरो बल्बची खरी वीज १२-१५ वॉटच्या घरात असते आणि रंगाच्या लेपातून नको तो प्रकाशही गळतो. पिवळा एलईडी घेताना आतली चिप पांढरी आणि वर पिवळी टोपी असा घेऊ नका. अंधारात त्याचं प्रतिबिंब जुन्या सीडीवर बघा. पिवळ्या-नारिंगीशेजारी हिरवा किंवा लाल पट्टा ठळक दिसला तर तो दिवा बाद.

आता चाचणी. कोऱ्या कागदावर नाणं ठेवून, दिवा लावून, ‘डाग उठला नाही, म्हणजे सुरक्षित’ असं बरेच जण म्हणतात. ही चाचणी फसवी आहे. थोडा प्रकाश कोऱ्या कागदावर एकटा काहीच उमटवत नाही, पण एन्लार्जरच्या, म्हणजे निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या, प्रकाशात मिसळला की उजळ भागात दिसायला लागतो. म्हणून आधी पूर्ण अंधारात, निगेटिव्ह न लावता, नेहमीच्या रंग-फिल्टरसह एन्लार्जरखाली सगळ्या कागदाला फिकट राखाडी येईल एवढाच प्रकाश द्या. मग कागद पुठ्ठ्याने झाकून कामाच्या जागी ठेवा, सेफलाइट लावा आणि पुठ्ठा सरकवत १, २, ४, ८ मिनिटांच्या पट्ट्या करा. एक पट्टी शेवटपर्यंत झाकलेली राहू द्या. डेव्हलप अंधारातच करा. झाकलेल्या पट्टीपेक्षा पहिला फरक जिथे दिसेल, त्याच्या निम्मा वेळ ही तुमची मर्यादा. फरक म्हणजे नुसता काळपटपणा नाही, रंगाची झाकही. ती झाक पुढे एन्लार्जरचे मॅजेंटा-यलो फिल्टर फिरवून जात नाही, कारण फॉग, म्हणजे नको त्या प्रकाशाने चढलेला रंग, उजळ भागात जास्त आणि गडद भागात कमी दिसतो. एक सुधारलं की दुसरं बिघडतं.

नवशिक्याने आधी अंधारात हात बसवावा, हे तुमचं म्हणणं मान्य. कागद ड्रममध्ये (केमिकल ओतायच्या, उजेड आत न जाणाऱ्या नळकांड्यात) भरून झाकण लागलं की ट्यूबलाइट लावली तरी चालते, म्हणजे अंधार लागतो तो कागद काढण्यापासून ड्रम बंद करेपर्यंतच. दाराला सोलापुरी चादर लावत असाल तर दुहेरी लावा, विणीतून उजेड येतो.

तापमानाचं काय, हा मुद्दा सेफलाइटच्या लेखात कुठून आला कळलं नाही. रंगीत कागदावर चित्र उमटवणारं केमिकल म्हणजे आरए-४ डेव्हलपर, ते ३५ अंशांना ४५ सेकंद. मे महिन्यात टाकीचं पाणी त्याहून गरम आलं तर बर्फाच्या पिशव्या घाला. झालं. लेख किचकट वाटला त्याला माझा इलाज नाही. काम किचकट आहे.

आणि चाचणी कराल तेव्हा ज्यातून प्रिंट काढणार, कागद त्याच डब्यातला घ्या. डबा बदलला, कंपनी बदलली किंवा बल्ब नवा लावला, तर ती पट्टी पुन्हा काढावी लागते.