बाल्कनीतली झाडं नंतर बघू, आधी खालची जमीन वाचवा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच विषय आहे, रीडेव्हलपमेंट. बिल्डरने पाठवलेल्या प्रेझेंटेशनमध्ये प्रत्येक बाल्कनीत झाड, भिंतींवर वेली, टेरेसवर गार्डन आणि वर मोठ्या अक्षरात 'सिंगापूर स्टाइल'. मी सिंगापूरला राहते म्हणून सगळे काका-काकू विचारतायत, तुमच्याकडे असंच असतं ना गं?

असतं, आणि खरंच छान असतं. इथे चारातले तीनहून जास्त लोक एचडीबीच्या म्हणजे सरकारी बिल्डिंगांमध्ये राहतात, त्यामुळे हिरवाई फक्त पैसेवाल्यांच्या टॉवरपुरती नाही. डॉसन भागातल्या स्कायव्हिल या एचडीबीच्याच प्रोजेक्टमध्ये ९६० फ्लॅट आहेत, ४७ मजले, आणि मधेमधे ठराविक मजल्यांवर सगळ्यांसाठी बागा. संध्याकाळी आजी-आजोबा तिथे बसलेले असतात, मुलं खेळत असतात. अशी मधल्या मजल्यावरची बाग, म्हणजे स्काय टेरेस, सगळ्यांना खुली असेल तर काही अटींवर ती बांधकामाच्या एरियात मोजत नाहीत, म्हणून बिल्डरलाही परवडतं.

पण ही झाडं जगतात कशी ते त्या प्रेझेंटेशनमध्ये नाहीये. कॉमन बागेची देखभाल टाउन कौन्सिल करते, त्यासाठी दर महिन्याला प्रत्येक घराकडून पैसे घेतात. डेंग्यूमुळे सरकारी माणसं घरात येऊन कुंड्यांमधलं पाणी तपासतात, डासांच्या अळ्या सापडल्या तर दंड. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाऊस, इथे वर्षभर पडतो, २१०० मिमीच्या वर. पुण्यात जेमतेम ७००-८०० मिमी, तोही बराचसा जून ते सप्टेंबरमध्येच, मग एप्रिलमध्ये दहाव्या मजल्यावरच्या झाडाला पाणी कुठून घालणार, टँकरच्या? एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करून मिळणारं पाणी वापरू असं कोणी म्हणत असेल तर त्याची वेगळी पाइपलाइन नकाशात दाखवा.

मिलानचं बॉस्को व्हर्टिकाले सगळ्यांनी फोटोत पाहिलंय. २०१४ मध्ये झालं, दोन टॉवर, ८०० च्या आसपास झाडं. तिथली झाडं फ्लॅटमालकाची नाहीत, सोसायटीची आहेत, आणि दोरावर लटकून छाटणी करणारे माळी ठेवलेत. याउलट चीनमधल्या चेंगडूला अशाच एका प्रोजेक्टमध्ये झाडं वाढत गेली, डास झाले आणि २०२० मध्ये बातम्या आल्या की ८२६ फ्लॅटांमध्ये मोजकीच कुटुंबं राहतायत. कल्पना एकच, फरक निगा कोण राखणार याचा.

आपल्याकडेही हा प्रयोग होऊन गेलाय, त्याची आठवण कोणी काढत नाही म्हणून लिहिते. मुंबईत फ्लॉवर बेड, म्हणजे खिडकीबाहेरचे झाडांसाठीचे कट्टे, एफएसआयमध्ये (प्लॉटवर किती बांधकाम करता येईल त्या हिशोबात) धरत नव्हते. उद्देश हिरवाईचाच, पण झालं काय, बिल्डरांनी ते बेडरूममध्ये ओढून घेतले आणि तोच एरिया लोकांना विकला. शेवटी जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलून फ्लॉवर बेड, बाल्कनी सगळं एफएसआयमध्ये घ्यावं लागलं आणि बदल्यात ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा एफएसआय आला. जिथे बाग एका फ्लॅटची खाजगी होते तिथे ती खोली व्हायला वेळ लागत नाही. सिंगापूरची सूट टिकली कारण ती कॉमन जागेला आहे.

हेही मान्य करते की इथली बरीचशी जमीन सरकारची आहे, घरं ९९ वर्षांच्या लीजवर, तिथे वरून ठरवणं सोपं जातं. वीस-तीस सभासदांच्या सोसायटीला ते जमणार नाही. म्हणूनच मला वाटतं आपण आपलं जे आहे त्याच्यासाठी भांडावं. आपल्या आवारात आंबा आहे, नारळ आहेत, मागे सोनचाफा आहे, आणि नव्या प्लॅनमध्ये पार्किंगसाठी बेसमेंट जवळपास कंपाउंडपर्यंत खणणारेत. म्हणजे ही सगळी झाडं जाणार, पावसाचं पाणी मुरायला माती उरणार नाही, आणि वर स्लॅबवर दोन फूट माती टाकून त्याला गार्डन म्हणणार. तेवढ्या मातीत आंबा होत नाही हो! सुप्रीम कोर्टानेही डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या एका केसमध्ये सांगितलंय की नियमाप्रमाणे सोडायची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर म्हणजे पार्किंगच्या वरच्या स्लॅबवर नाही.

त्यामुळे सोसायटीच्या एसजीएममध्ये (विशेष सर्वसाधारण सभेत) मी ऑनलाइन असणारे आणि एवढंच मागणारे: एका बाजूला बेसमेंट मागे घ्या, तिथली झाडं आहेत तिथेच राहू द्या, त्यासाठी चार-पाच पार्किंग कमी झाली तरी चालतील, आमचं एक आधी काढा. बाल्कनीत झाडांऐवजी खोल छज्जे द्या, पश्चिमेच्या खिडक्यांना सावली द्या. टेरेसवर बाग करायचीच असेल तर ती सगळ्यांची, आणि माळ्याचा पगार कोण देणार ते डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. कुलकर्णी काका, जोशी काकू, सही करायच्या आधी आर्किटेक्टकडून बेसमेंटचा नकाशा मागवा आणि ग्रुपवर टाका, प्लीज.